सहावी ते आठवीच्या मुलांना कामधंद्यांची ओळख आणि गावाची सेवा: दोन्ही एकत्र कसे साधावे?

खाडीकाठची शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा

नमस्कार. मी खाडीकाठच्या एका गावात उच्च प्राथमिक शाळेत शिकवते. सहावी, सातवी आणि आठवी मिळून माझ्याकडे एकतीस मुले आहेत. गेल्या आठवड्यात आठवीच्या अकरा मुलांना मी 'मोठेपणी मला काय करायचे आहे' या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. चौघांनी पोलीस, तिघांनी डॉक्टर, दोघांनी सैन्य आणि एका मुलीने शिक्षिका असे लिहिले. राहिलेल्या मुलाने एकच ओळ लिहिली होती, 'मी मुंबईला जाणार.'

या मुलाचे वडील तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे प्रमुख आहेत. होडीचे इंजिन खोलायचे असले की हा त्यांच्या हाताशी बसतो. कोणता नट कोणत्या नंबरच्या पान्याने सुटतो आणि डिझेलमध्ये पाणी गेले तर आवाज कसा बदलतो, हे त्याने मला मधल्या सुट्टीत न अडखळता सांगितले. मात्र आपल्याला काही येते, असे त्याला स्वतःला वाटत नाही. त्याने वडिलांच्याच धंद्यात राहावे असा माझा आग्रह मुळीच नाही. मुंबईला जायचे असेल तर त्याने खुशाल जावे, पण काय करायला जायचे हे त्याला सांगता यावे, एवढीच माझी इच्छा आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना घालवावेत आणि सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक जाणकारांजवळ मुलांनी काही शिकावे, असे सुचवले आहे. मागील वर्षी आमचे हे दिवस कागदकाम, रांगोळी आणि एका सहलीत संपले, याची मला खंत आहे. यंदा मुलांनी गावातील खरी कामे पाहावीत आणि त्याच वेळी गावाच्या उपयोगी पडेल असे काही करावे, अशी योजना मी पालकसभेत मांडली. तेव्हा एक आजोबा उठून म्हणाले, "बाई, आम्ही पोरांना शिकायला पाठवतो, बांध घालायला नाही. बांध आम्ही जन्मभर घातलेच." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, पण मला उत्तर देता आले नाही.

आपल्यापैकी कोणी असे काही केले असेल, तर कोणते काम निवडले, कोणाकडे गेलात आणि पालकांना कसे समजावलेत, हे कृपया सविस्तर लिहावे. शाळेकडे पैसे जवळजवळ नाहीत. एसटीने जाऊन संध्याकाळपर्यंत परत येता येईल, एवढेच अंतर आम्हाला परवडते.

---

निवृत्त मुख्याध्यापक, कुडाळ तालुका

बाई, त्या आजोबांचे म्हणणे अगदी गंभीरपणे घ्यावे, असे मला वाटते. ज्यांनी आयुष्यभर चिखल तुडवला, त्यांना नातवंडांच्या हातात पुन्हा घमेले पाहणे नकोसे होणारच. माझ्या शाळेतही हाच प्रश्न आला होता आणि आमचे काम योगायोगाने बांधाचेच होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला एक ओहोळ आहे. पावसाळ्यात तो दोन्ही काठ धरून वाहतो आणि मार्चमध्ये त्याच ठिकाणी बायका हंडे घेऊन रांगेत बसतात. कोकणात एवढा पाऊस पडून उन्हाळ्यात टँकर का लागतो, हा प्रश्न सातवीच्या मुलांनीच विचारला आणि त्यावर वनराई बंधारा घालायचे ठरले. रिकाम्या सिमेंटच्या गोणींत माती भरून ओहोळात आडवी भिंत रचणे, एवढेच ते तंत्र आहे.

काम सुरू करण्याआधी आठ दिवस मुलांनी फक्त मोजमाप केले. ओहोळाच्या एका सरळ भागात काठाने पाच मीटर अंतर आखून दोन खुंट्या रोवल्या. वरच्या खुंटीशी सुकी काडी पाण्यात सोडायची आणि ती खालच्या खुंटीपर्यंत किती सेकंदांत पोहोचते ते घड्याळावर पाहायचे. वीस सेकंद लागले. तिथली रुंदी १.२ मीटर आणि सरासरी खोली १० सेंटिमीटर होती. वरचे पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जोरात वाहते म्हणून आलेल्या उत्तराचे आठ दशांश धरले, तेव्हा सेकंदाला सुमारे २४ लिटर निघाले. एका मुलीने लगेच हिशेब केला, "गुरुजी, म्हणजे सेकंदाला दोन हंडे!" त्यानंतर बराच वेळ मुले ओहोळाच्या काठावर उभी राहून नुसती "दोन, चार, सहा" असे मोजत होती.

पहिल्या वर्षी आम्ही घाई केली. दसऱ्याच्या आधीच बंधारा रचला आणि चार दिवसांनी परतीच्या पावसाने तो खालच्या शेतात नेऊन टाकला. दुसऱ्या वर्षी मुलांनी वाडीतील एका वृद्ध शेतकऱ्याला विचारले. कातळावरचे गवत पिवळे पडेपर्यंत थांबा, गोणी काठोकाठ भरू नका आणि विटांसारखे सांधे मोडून रचा, असे त्यांनी सांगितले. तो बंधारा टिकला. मुलांनी दर शनिवारी खालच्या विहिरीत दोरी सोडून पाण्याची पातळी मोजली आणि शाळेच्या भिंतीवर तक्ता केला.

आता पालकांविषयी. माती भरणे आणि गोणी उचलणे हे मोठ्या माणसांनी श्रमदान म्हणून केले. मुलांकडे मोजमाप, आखणी, नोंदी आणि रचताना ओळंबा धरणे होते, तेही दिवसाला दोन तासच. गवंडी, कृषी सहायक, ग्रामसेवक आणि नळपाणी योजनेचा पंप चालवणारा अशा चौघांना शाळेत बोलावून मुलांनी प्रश्न विचारले. तुम्ही हे कुठे शिकलात, किती वर्षे लागली, कोणता विषय कच्चा राहिल्याचे आज वाईट वाटते, असे साधेच प्रश्न होते. गवंडीकाकांनी "भूमिती" असे उत्तर दिले, तेव्हा वर्गात जी शांतता पसरली ती मला अजून आठवते. सेकंदाला दोन हंडे मोजणारी ती मुलगी दहावीनंतर स्थापत्य पदविकेला गेली.

तुमच्या आजोबांनाही अशाच एका सत्रात पाहुणे म्हणून बोलवा. बांध कसा घालतात हे त्यांच्याइतके कोणाला माहीत असणार? मुलांनी त्यांच्याकडून ऐकून लिहून घ्यावे.

---

मत्स्यविज्ञान पदवीधर, रत्नागिरी

तांडेलाच्या त्या मुलाविषयी वाचून राहवले नाही, म्हणून लिहिते. मीही मच्छीमार घरातली आहे. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे आणि बारावी विज्ञाननंतर तिथे चार वर्षांची पदवी घेता येते, हे मला अकरावीत कळले. तोपर्यंत मासे हा शिकण्याचा विषय असतो, असे मला कोणी सांगितलेच नव्हते. हे महाविद्यालय दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे आहे. याच विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र रत्नागिरी शहराजवळ असून तिथले मत्स्यालय मुलांना पाहता येते. आधी पत्र देऊन वेळ ठरवावी आणि शक्य झाल्यास तिथल्या एखाद्या संशोधकाशी अर्धा तास बोलणे व्हावे. काचेतले मासे मुले विसरतात, पण माशाच्या कानातील खड्यावरची वर्तुळे मोजून त्याचे वय काढणारा माणूस प्रत्यक्ष भेटला तर तो लक्षात राहतो.

तुमच्या विद्यार्थ्याला इंजिनाची आवड असेल, तर दहावीनंतर आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम असतो, हे त्याला आताच कळू द्या. त्याला जेटीवर वर्गासमोर उभे करून इंजिन समजावून सांगायला लावले, तर आणखी चांगले.

बंदरावर मुलांना मासळी उतरवण्याच्या गर्दीत नेऊ नये. ओला धक्का, बर्फाच्या लाद्या आणि ट्रक यांत एकतीस मुले सांभाळणे शक्य नाही. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हा जाळी दुरुस्त करणारे लोक घराच्या पडवीत निवांत बसलेले असतात आणि मनापासून बोलतात. जाळ्याचा एक आस, म्हणजे विणीतला एक चौकोन तुटला तर शेजारचे चार कसे ढिले पडतात, हे त्या पडवीत बसून पाहावे. तुमच्या भागात रापण, म्हणजे अनेकांनी मिळून काठावरून ओढायचे मोठे जाळे, ओढली जात असेल, तर ती काठावरून जरूर दाखवा आणि वाटे कसे पाडतात ते मुलांना लिहून घेऊ द्या. जाळ्याच्या मालकीचा वाटा वेगळा, ओढणाऱ्यांचा वेगळा. अपूर्णांक आणि गुणोत्तर यांचे इतके जिवंत उदाहरण मला पुस्तकात कधी सापडले नाही.

सेवेसाठी एक सुचवते. हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था समुद्राच्या स्थितीचा अंदाज रोज प्रसिद्ध करते, त्यात लाटांची उंची आणि वाऱ्याचा वेग असतो. आमच्या वाडीत दोन मुले शाळेत जाताना हे आकडे जेटीवरच्या फळ्यावर मराठीत लिहीत असत. तरुण खलाशांना ते मोबाईलवर मिळतात, पण लहान होडीवर एकट्याने जाणारी वयस्कर माणसे फळा वाचूनच निघत. यात एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी लागते. मुलांनी लिहिलेले आकडे मोठ्या माणसाने मूळ पत्रकाशी ताडून पाहिल्याशिवाय फळा उघडा ठेवायचा नाही. एकदा एका मुलाने १.८ ऐवजी ०.८ लिहिले होते. शिक्षकांनी ते वेळेवर पाहिले आणि त्या मुलाला रागावण्याऐवजी दोन्ही लाटांची उंची जेटीच्या खांबावर खडूने आखून दाखवली. खालची रेघ त्याच्या कमरेपर्यंत आली आणि वरची डोक्याच्याही वर गेली. दशांश चिन्हाबद्दल त्याला पुन्हा काही सांगावे लागले नाही.

---

एक पालक, चिपळूण

वरच्या दोन्ही सूचना उत्तम आहेत, परंतु पालक म्हणून मला थोडे सावध करावेसे वाटते. माझी मुलगी सातवीत असताना तिच्या वर्गाला 'व्यवसाय ओळख' म्हणून एका प्रक्रिया केंद्रात नेले होते. तिथे मुलांनी दिवसभर पाकिटे भरली आणि त्यांवर लेबले चिकटवली. फळ कुठून येते, ते टिकवतात कसे, हिशेब कोण ठेवते, हे कोणीही सांगितले नाही. संध्याकाळी प्रत्येकाला एक सरबताची बाटली देऊन परत पाठवले. घरी आल्यावर मी विचारले, "काय शिकलीस?" ती म्हणाली, "बाबा, लेबल सरळ लावायला." त्या दिवशी मुले मजूर म्हणून वापरली गेली, असे माझे स्पष्ट मत आहे.

बालकामगार कायदा १९८६ चा आहे आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलांना कोणत्याही धंद्यात कामाला ठेवण्यास बंदी आहे. शाळेनंतर किंवा सुट्टीत स्वतःच्या कुटुंबाच्या धोकारहित व्यवसायात मदत करणे आणि कलाकार म्हणून काम करणे, एवढेच मर्यादित अपवाद आहेत. तुमची बहुतेक मुले चौदाच्या आतलीच असणार. म्हणून कोणत्याही खाजगी जागी मुलांनी पाहावे, विचारावे, फार तर एखादी वस्तू स्वतःसाठी करून बघावी. ज्याचा माल विकला जातो, त्याच्यासाठी माल तयार करू नये. सेवा करायची ती विहीर, ओहोळ, वाचनालय, किनारा अशा सगळ्यांच्या मालकीच्या गोष्टींची असावी. ही रेषा पालकसभेत स्पष्ट सांगितलीत, तर निम्मा विरोध मावळेल.

याशिवाय प्रत्येक भेटीसाठी पालकांची लेखी संमती घ्यावी, सोबत शिक्षिका असावी आणि मूल कोणाही अनोळखी माणसाबरोबर एकटे राहणार नाही, हे आधीच ठरलेले असावे. मुलींना घरी ठेवून फक्त मुलांना नेण्याचा आग्रह काही पालक धरतात. तो कृपया मान्य करू नका.

---

रोपवाटिकावाला, वेंगुर्ले तालुका

माझी लहानशी रोपवाटिका आहे. दर जुलैमध्ये जवळच्या शाळेची मुले येतात. आंब्याचे कोय कलम त्यांना करायला देतो, कारण ते पंधरा दिवसांच्या कोवळ्या रोपावर होते आणि चूक झाली तरी नुकसान थोडे असते. तांबूस पानांचे रोप वरून छाटायचे, देठात मधोमध चीर द्यायची, ज्या आंब्याचे कलम हवे त्याच्या काडीला पाचरीसारखा उतार देऊन ती चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचे. चाकू मी स्वतः चालवतो, मुले काडी बसवतात आणि पट्टी बांधतात. प्रत्येकाचे रोप त्याच्या नावाची चिठ्ठी लावून इथेच ठेवतो आणि महिन्याने त्यांना पाहायला बोलावतो. काहींची जगतात, काहींची जळतात. जळलेल्या रोपाची पट्टी सोडून आत काय झाले ते बघायला मुले जास्त गर्दी करतात.

कोकमाची गोष्टही मुलांना सांगण्यासारखी आहे. त्याची नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बी लावले तर सहा-सात वर्षे सांभाळून शेवटी फळ न देणारे झाड हाती येऊ शकते, म्हणून मादी झाडाच्या काडीचे कलम बांधतात. ज्या घरी मुलगे मुंबईला आणि फक्त म्हातारी माणसे गावी आहेत, अशा घरांच्या परसात मुलांनी मागच्या वर्षी कोकमाची वीस कलमे लावली. पाणी घालायला जाण्याच्या निमित्ताने आजीआजोबांची विचारपूस होते, औषधाच्या पट्टीवरची तारीख वाचून दिली जाते. आमच्या आशाताईंनी मग मुलांना रक्तदाब कसा मोजतात तेही दाखवले.

वेंगुर्ल्याचे प्रादेशिक फळ संशोधन केंद्र १९५७ पासून आहे आणि काजूच्या 'वेंगुर्ला' नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाती तिथल्याच. तुम्हाला मात्र ते लांब पडेल. रत्नागिरीजवळ भाट्ये येथे नारळ संशोधन केंद्र आहे, तिथे जावे.

---

कासवमित्र, मंडणगड तालुका

मी किनाऱ्यावरच्या गावात वाढलो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ च्या सुमारास वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचे संरक्षण सुरू केले, तेव्हा मी सहावीत होतो. पहाटे गस्तीवर जाणाऱ्या काकांच्या मागे मी वही घेऊन चालत असे. वाळूवरची खूण कोणत्या दिशेने आली, घरटे भरतीच्या रेषेपासून किती पावलांवर आहे, अंडी किती, हे लिहिणे माझ्याकडे होते. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि पिल्ले बाहेर यायला साधारण पन्नास दिवस लागतात. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक होतात, हे ऐकल्यावर मी थर्मामीटरसाठी शिक्षकांच्या मागे लागलो होतो.

कासव वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे अंड्यांना किंवा पिल्लांना मुलांनी हात लावता कामा नये. नोंदी ठेवणे, किनाऱ्यावरचा प्लॅस्टिक कचरा आणि तुटकी जाळी वेचून वर्गवारी करणे, पाहुण्यांना माहिती सांगणे ही कामे मुलांना सहज जमतात. मी आज घरगुती निवासव्यवस्था चालवतो, माझ्या बरोबरीचा एक जण वनरक्षक झाला. दोघांच्याही हातात पहिल्यांदा पडली ती वहीच.

---

खाडीकाठची शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काल ही उत्तरे छापून मी पालकसभेत वाचून दाखवली. पाकिटे भरण्याचा प्रसंग वाचताना बऱ्याच आया माना हलवत होत्या. चिपळूणच्या पालकांनी आखलेली रेषा आम्ही ठरावात जशीच्या तशी लिहिली. ज्याचा माल विकला जातो त्याच्यासाठी मुले माल तयार करणार नाहीत.

दहापैकी सहा दिवस सध्या ठरले आहेत. नोव्हेंबरमध्ये ओहोळाचे मोजमाप आणि बंधारा मिळून तीन, भाट्याचे नारळ केंद्र आणि मत्स्यालय एकाच फेरीत एक, जाळीवाल्यांच्या पडवीत एक, आणि पोस्टात व आरोग्य उपकेंद्रात मिळून एक. आमच्या शाखा डाकघरातील पोस्टमास्तर ताईंची निवड दहावीच्या गुणांवर झाली होती, हे मुलांना त्यांच्याच तोंडून ऐकवायचे आहे. जेटीवरच्या फळ्यासाठी ग्रामपंचायतीने रंग देण्याचे कबूल केले असून आकडे ताडून पाहण्याची जबाबदारी मी घेतली आहे. उरलेले चार दिवस मुलांनाच ठरवायला सांगणार आहे.

ते आजोबा सभेला आले होते. मुख्याध्यापक सरांचा गोणी रचण्याचा भाग मी वाचला, तेव्हा ते मध्येच म्हणाले, "सांधे मोडून रचायचे हे बरोबर, पण खाली आधी दगडांचा थर पाहिजे, नाहीतर पाणी तळातून जाईल." पहिल्या दिवशी मुलांना हे समजावून सांगायला येण्याचे त्यांनी कबूल केले आहे. इंजिनवाल्या मुलाला मी पाच मिनिटांचे बोलणे तयार करायला सांगितले. वडिलांचा जुना इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारा भाग, वर्गात आणला तर चालेल का, असे त्याने विचारले आहे. तो घासून, डिझेलचा वास घालवून आणायचा, एवढीच अट मी घातली.

मुख्याध्यापक सर, एक विचारायचे राहिले. दगडांच्या थराविषयी आपला अनुभव काय? आमच्या ओहोळाचा तळ रेतीचा आहे.